उभं राहायचं तिकीट

काशीत देवदिवाळीच्या संध्याकाळी दुर्गाघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत एका माणसाने दोन्ही हात डोक्यावर नेले, आणि त्याचा परिणाम नेमका उलटा झाला.

ईशानी वरच्या एका गच्चीवर कॅमेऱ्यापाशी उभी होती. ती विद्यापीठात गर्दीचा अभ्यास करायची – माणसं दाटली की कशी हलतात, रेटा कुठून येतो, कुठे जिरतो. हे भौतिकशास्त्रात मोडतं, यावर सांगलीच्या तिच्या घरी अजून कुणाचा विश्वास बसला नव्हता. खाली एक म्हातारी पडली, तेव्हा काळ्या टी-शर्टातला तो माणूस मागे वळला आणि हात उंच करून त्याने मनगटं एकमेकांवर ठेवली. थांबा. मागच्यांनी ते पाहिलं, उत्साहाने स्वतःचेही हात वर केले, 'हर हर महादेव' म्हटलं आणि आणखी पुढे सरकले.

मग तो म्हातारीवर वाकला, तळवे भिंतीला टेकवले आणि अख्खा लोंढा पाठीवर घेतला.

गल्ली मोकळी झाल्यावर ती खाली आली. तो पायरीवर बसला होता, शर्ट खांद्यावर फाटलेला. छातीवर काटेरी झुडपासारखं काहीतरी छापलं होतं. ती एका बँडच्या नावाची अक्षरं आहेत हे तिला नंतर कळलं. म्हातारी शेजारी बसून त्याला आशीर्वाद देत होती आणि असले राक्षसी कपडे घालू नकोस, असंही सांगत होती. वरच्या गच्चीच्या मालकांना ईशानी खालूनच मराठीत काहीतरी सांगत होती, ते ऐकून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"हात वर का केलेत?" तिने विचारलं.

"आदत आहे. मेटलच्या कॉन्सर्टमध्ये कुणी पडलं की हात वर करतात. मागचे थांबतात." तो जरा ओशाळला. "जन्म काशीत गेला, तरी इथे लोक काय समजतील ते सुचलं नाही बघा."

त्याचं नाव शार्दूल. घर त्याच गल्लीत, पिढ्यांपूर्वी काशीत आलेलं मराठी कुटुंब; वडील पौरोहित्य करायचे, तो रेल्वेत नोकरीला होता. वर्षभर रजा साठवायची आणि कुठल्यातरी देशात हेवी मेटलच्या मैफलीला जाऊन उभं राहायचं, हे त्याचं वेड. ईशानीने त्याच्याकडे तिथल्या गर्दीचे व्हिडिओ मागितले. कामासाठी... असं तिने दोनदा सांगितलं.

ते राजा घाटावर भेटू लागले. तो चहाचं मातीचं कुल्हड हातात घेऊन सांगायचा. टोकियोत गाणं संपलं की टाळ्या, आणि मग अशी शांतता, की ढोल वाजवणाऱ्याने काठ्या खाली ठेवल्या तरी ऐकू यावं. जकार्तात लोक शब्दच नाही, गिटारची धूनही तोंडाने गातात. पोलंडमध्ये शेकडो लोक चिखलात एकामागे एक बसतात आणि हवेत वल्ही मारतात.

"कशासाठी?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर मजा." मग तिच्याकडे तिरकं पाहत म्हणाला, "तुम्ही गर्दी कधी आतून बघितलीय, मॅडम?"

"वरून जास्त नीट दिसते."

"गंगाही गच्चीवरून नीट दिसते. म्हणून गच्चीवर बसून डुबकी मारतं का कुणी?"

ती हसली. हसताना आपण त्याच्या बोटांकडे पाहतो आहोत, हे लक्षात येऊन तिने नजर पाण्याकडे वळवली. यंदा कुठे जाणार, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की फिनलंडचं ठरलं होतं. ठरलं *होतं*... आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

व्हिडिओंवरून गर्दी मोजायला घेतली, तेव्हा कॅमेरा किती उंचीवर आहे हे तिला आधी काढावं लागलं. शार्दूल चांगला सहा फूट उंच. पण प्रत्येक देशात कॅमेरा माणसांच्या कमरेपाशी होता. समोर नुसत्या पाठी, पट्टे, घामेजलेले शर्ट. मग एखाद्या क्षणी अनोळखी हात पुढे यायचे, कॅमेरा डगमगत वर वर जायचा आणि हजारो डोकी एकदम खाली पसरायची – दिवे, धूर, दूरवरचा मंच. आणि अगदी जवळून कुणीतरी हसायचं. ते हसू शार्दूलचं नव्हतं.

जकार्तातलं ते हसू तिने पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि मग मोजमाप बाजूला ठेवलं.

पुढच्या भेटीत भोसले घाटाच्या पायऱ्यांवर तिने सांगून टाकलं. "हे व्हिडिओ तुम्ही काढलेले नाहीत. काढणारा बसलेला आहे. आणि लोक त्याला चाकांच्या खुर्चीसकट उचलतात."

तो पाण्याकडे वळून बसला.

"वेदांत," तो म्हणाला. "माझा दादा."

लहानपणापासून दादाचे स्नायू झिजत गेले होते. हे संगीत घरात त्याने आणलं, देशही तोच निवडायचा. दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पायऱ्याच पायऱ्या, खुर्ची चालायची नाही. शार्दूल त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत न्यायचा. गेल्या माघात दादा गेला. फिनलंडची दोन तिकिटं दादानेच आधी घेऊन ठेवली होती, एक चाकांच्या खुर्च्यांसाठी राखीव चौथऱ्यावरचं आणि एक सोबत्याचं. येणार की नाही, ते आयोजकांना महिनाअखेर कळवायचं होतं. त्याची आई, जिला सगळी गल्ली पद्माकाकू म्हणायची, जा म्हणून मागे लागली होती.

"काशीत दादाला मी एकटा उचलायचो," शार्दूल म्हणाला. "तिथे सगळे उचलायचे. आता त्याच्याशिवाय त्या गर्दीत शिरायचं म्हणजे... पाठ रिकामी असल्यासारखं वाटतं. जमणार नाही बहुतेक."

ईशानीने हात त्याच्या हाताशेजारी, दगडावर ठेवला. हात लावला नाही.

मग त्याने विचारलं, अगदी हळू, "तुम्ही याल? एक तिकीट रिकामं आहे. तुम्ही असाल तर मी... जाऊ शकेन."

कितीतरी दिवस हेच ऐकायची तिची इच्छा होती. पण शब्द असे आले होते की तिला हो म्हणता येईना. "त्या तिकिटावर नाही," ती म्हणाली. त्याने मान हलवली, उठला, आणि 'समजलो' म्हणून पायऱ्या चढून गेला.

त्यानंतर तो राजा घाटावर आला नाही. ती मात्र रोज जायची. तिने नीट विचार केला, तिच्या सवयीप्रमाणे, एकेक गोष्ट तपासून. त्याच्या दुःखातली रिकामी जागा भरायला ती गेली असती, तर तिथून परतल्यावर ती त्याची कोण असती? आणि ती गेलीच नाही, तर तो या घाटावरच राहील, कायमचा. महिना संपत आला, तेव्हा ती सरळ त्याच्या घरी गेली.

पद्माकाकूंनी दार उघडलं, तिला निरखून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "शार्दूल, बाहेर ये. आणि शर्ट बदलून ये रे."

तो तसाच आला. काकू आत गेल्या.

"दादांचं तिकीट तिथल्या कुणाला तरी द्या," ईशानी म्हणाली. "ज्याला खुर्चीवरून यावं लागतं अशा कुणाला. सोबत्याचंही त्याच्याच सोबत्याला द्या. मी आयोजकांना विचारलंय, ते नाव बदलून देतात."

"आणि मी?"

"तुम्हाला उभं राहायचं तिकीट मिळेल. गर्दीतलं. मी माझं काढलंय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? गर्दीत?"

"मला भीती वाटते," तिने कबूल केलं. "कुठल्याही गर्दीत मी कधी शिरले नाही. पण मला दादांची जागा नकोय, शार्दूल. तुमच्या शेजारची हवीय. तिथेही... आणि इथेही."

शार्दूल चौकटीला टेकला. डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत. मग त्याची नजर तिच्या पायांकडे गेली आणि तिथेच थांबली, एखादं मोठं काम अंगावर पडल्यासारखी.

"या चपलेनं चालणार नाही," तो म्हणाला. "बूट लागतील. पक्के. पायावर पाय पडतात तिथे." आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल मागे सरून त्याने तिला यायला वाट करून दिली.