दुसरी घंटी

“ओ मॅडम, दौंडची गाडी हीच हाय. चढायचंय, का नुसतंच पाया पडायचंय?”

आवाज वरून आला, ड्रायव्हरच्या खिडकीतून. गाडीच्या पायरीला हात लावून मी तो कपाळाला लावत होते, ती तशीच वाकलेली राहिले. शिरूरच्या आगारात अजून नीट उजाडलं नव्हतं. मार्गशीर्षातलं धुकं इतकं खाली उतरलं होतं की गाड्यांची नुसती तोंडंच दिसत होती, मागचा सगळा भाग जणू कुणी पुसून टाकला होता.

मी वर पाहिलं. खिडकीत एक मफलर, त्या मफलरात एक हसरा चेहरा, आणि उत्तराची वाट बघणारे डोळे…

मला बोलता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण माझं मौन होतं. पहाटे उठल्यापासून जपाची माळ पूर्ण होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही; रामलिंगापुढे घेतलेला नेम आहे माझा. एरवी माळ घरीच पूर्ण होते. पण तो नोकरीचा पहिला दिवस! मणी ओढता ओढता मन तिकिटाच्या मशीनकडे पळायचं, स्टॉपांची नावं घोकायचं, आणि मी पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात करायची. असं करता करता आगार आलं, आणि खाकी कोटाच्या खिशात माळ अजून अर्धीच.

एका हातानं खिशातले मणी ओढतच मी दुसऱ्या हातानं छातीवरचा बिल्ला दाखवला. मग स्वतःकडे बोट केलं, मग गाडीकडे.

“कंडक्टर? तुम्ही?” ते दार उघडून खाली उतरले. “नवीन? … बोलता येत न्हाई का?”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही कळलं नाही. त्यांना मात्र जे वाटायचं ते वाटलं. चेहरा एकदम गंभीर झाला. दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून त्यांनी स्वतःकडे बोट केलं: मी ड्रायव्हर. मग बोटांचा पेला करून तोंडाला लावला: चहा घेणार? मग दोन्ही हात जोडून कानाशी घेतले. त्याचा अर्थ काय होता, ते मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात कंट्रोलर बापूसाहेब कानटोपी सावरत आले. “काय ज्ञानेश, कंडक्टर भेटल्या का?”

“भेटल्या की. पर बापूसाहेब,” आवाज खाली आला, “मुक्या हायेत.”

“मुक्या? काल तर माझ्याशी—”

शेवटचा मणी बोटांतून सुटला. मी माळ डोळ्यांना लावली. “मुकी नाही मी. जप चालला होता.”

धुक्यात कुठंतरी एक गाडी फुरफुरली. ज्ञानेश यांचे हात अजून हवेतच होते.

“म्हंजी… मघापासनं मी हे जे करतोय—”

“छान करता,” मी म्हटलं.

बापूसाहेब इतके हसले की त्यांची कानटोपी खाली पडली. आणि मी? मी स्वतःवरच चकित झाले. रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि तरी मी चक्क थट्टा केली होती… एका अनोळखी माणसाची!

पण ते धाडस स्टँडपर्यंतच पुरलं.

गाडी फलाटाला लागली आणि माणसं आत घुसली. कॉलेजची पोरं, कुरकुंभला कामाला जाणाऱ्या बाया, पिशव्या, डबे, भाजीची गाठोडी. माझे तळवे बर्फासारखे गार, आणि वर घामानं ओले. “पुढं सरका…” मी म्हटलं. ते फक्त मलाच ऐकू आलं. “ओ ताई, जरा जोरात की!” मागून कुणीतरी ओरडलं, “आम्ही काय स्वप्नात ऐकायचं व्हय?” सगळी गाडी हसली. मशीनची बटणं बोटांखाली सरकत होती. आई म्हणाली होती, ‘नाही जमलं तर आगारातलं बैठं काम माग. इतकी मऊ बोलणारी तू, गाडीत कसा निभाव लागायचा?’ मला वाटलं, आई बरोबर आहे. सोमवारपर्यंत बघायचं. मग सरळ जाऊन मागायचं बैठं काम.

न्हावऱ्याला भागुबाई चढल्या. शेवंतीची पाटी घेऊन रोज दौंडच्या बाजाराला जाणारी म्हातारी. त्यांची पाटी आत घेतली, दार लावलं, आणि मी छताजवळची दोरी ओढली.

टिंग.

तळहात ओला होता. दोरी निसटली. गाडी जागची हलली नाही.

“चला की!” “काय झालं?” “ड्रायव्हर दादा, झोपला का?” गाडीभर कल्ला. मी आपली तशीच उभी. ड्रायव्हरनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त वरच्या आरशात दोन डोळे दिसले. निवांत. जणू त्यांना कुठं जायचंच नव्हतं.

“कंडक्टर मॅडम,” ते मोठ्यानं म्हणाले, “एक घंटी म्हंजी थांबा. मी थांबलोय. तुम्ही म्हणाल तवाच निघू.”

“अरे, दार लागलंय, बसली सगळी! निघ की!” एक जण चिडला.

“माझ्या हातात नुसतं चाक हाय, मामा. गाडी त्यांच्या दोरीवर चालती.”

मी हात कोटाला पुसला. दोरी धरली. टिंग… टिंग.

“हां!” ते म्हणाले, आणि गाडी निघाली. माझ्या घंटीनं. खरंच माझ्याच घंटीनं!

दौंडला स्टँडबाहेर चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “काय मॅडम, कसं वाटतंय?”

“सोमवारी बैठं काम मागणार आहे.”

त्यांनी चहात फुंकर मारली. बराच वेळ मारली. मग म्हणाले, “एक सांगू? हसायचं न्हाई.”

“नाही हसत.”

“पारगावच्या पुलावर गाडी चढली की मी श्वास धरतो. पहिल्या दिवशी धरला व्हता भ्यानं, अजून धरतो. पूल संपला की सोडतो.”

मी हसले.

“म्हणलं व्हतं, हसायचं न्हाई!”

“आणि… भीती कधी गेली?”

“गेली कुठं? बसलीय की माझ्या शेजारी. तिकीट काढत न्हाई, एवढंच.” मग हळू आवाजात, “हात थरथरत्यात तर थरथरू द्या. फकस्त दुसरी घंटी विसरू नका. मी तवर हलत न्हाई.”

परतीच्या वाटेवर पारगावचा पूल आला. खाली भीमेवर धुकं असं पसरलेलं की नदी आहे की आभाळ, कळू नये. पलीकडच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा गोड वास येत होता. मी आरशात पाहिलं. त्यांचे खांदे वर गेले होते, आणि… खरंच, श्वास धरला होता त्यांनी! का कोण जाणे, मीही धरला. पूल संपला. ते खांदे हळूच खाली आले. माझेही.

सोमवार आला. रामलिंगाला बेल वाहिला, हात जोडले. बैठं काम मागायचं होतं ते आठवलं दुपारी. तेव्हा आम्ही चौफुल्याच्या पुढं गेलो होतो.

दिवस असे उतरत गेले, उसाच्या तुऱ्यांवरून उन्हं उतरावीत तसे. माझा आवाज काही मोठा झाला नाही. मी आपली प्रत्येकाजवळ जाऊन हळूच विचारायची. मग एक दिवस कॉलेजच्या पोरांपैकीच एक जण दुसऱ्याला म्हणाला, “ए, गप बस रे. ताई बोलतायत.” आणि मागच्या बाकापर्यंत गाडी शांत! मी आरशात पाहिलं. आरसा हसत होता.

गुरुवारी माझा महालक्ष्मीचा उपास. टपरीवर मी नुसतं पाणी मागितलं, तर ज्ञानेश यांनी पिशवीतून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू काढले.

“हे कशाला? तुमचा वडापाव?”

“माझाबी उपास हाय.”

“तुमचा? कशाचा?”

“तुम्ही खात न्हाई म्हणल्यावर एकट्यानं घास उतरत न्हाई. त्याचा.”

“असा उपास असतो का कुठं?”

“नवीनच सुरू केलाय. बघू, पावतोय का कुणी.”

मी केळ्याचं साल सोलत राहिले. ते संपता संपेना.

पण खरा चोर पकडला तो भागुबाईंनी. एक दिवस पाटी सावरत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “काय गं अक्षदा, समदी गाडी ह्याला दादा म्हंती. म्हाताऱ्या म्हंत्यात, पोरी म्हंत्यात, मी आज्जी शोभती तरी मीबी म्हंती. तूच कशी कधी न्हाई म्हणत?”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. खरंच की… कधीच म्हटलं नव्हतं. ओठांवर आलंच नव्हतं.

“आज्जे,” पुढून आवाज आला, “तिकीट काढलं का? गप बस मग.”

“माझं पंचाहत्तर सरलं, मला फुकाट हाय!” भागुबाई म्हणाल्या आणि एक पिवळी शेवंती माझ्या बिल्ल्याशेजारी खोचून दिली. ती दौंडपर्यंत मी काढली नाही. आणि दौंडपर्यंत आरशाकडे पाहिलंही नाही.

पौष सरत आला तेव्हाची गोष्ट. दौंडच्या टपरीवर चहा आला, निवला, त्यावर साय धरली. ज्ञानेश यांनी पेल्याला हात लावला नव्हता.

“माझी बदली झाली. दौंड आगाराला.”

“…कधी?”

“सोमवारपासनं. उद्या आपली शेवटची फेरी.” ते रस्त्याकडे बघत होते. “कासुर्डीला आई एकटीच असती. गेल्या साली मागितली व्हती बदली. तवा वाटलं, मिळाली की पेढे वाटीन. तवा काय… तवा तुम्ही नव्हता.”

मी चहावरची साय चमच्यानं बाजूला केली. मी म्हटलं, “बरं झालं. आईंना सोबत होईल.”

“व्हय. बरंच झालं.”

दोघंही खोटं बोलत नव्हतो. पण खरं तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला पुन्हा माळ साधेना. मणी बोटात आणि मन पुलावर. पुन्हा मेरुमणी, पुन्हा सुरुवात… पहिल्या दिवसासारखीच अर्धी माळ खिशात घेऊन मी आगारात शिरले. तसंच धुकं. पायरीला हात लावून कपाळाला लावला, आत चढले. गाडी रिकामी. ते चाकावर बसलेले.

“आला का? बापूसाहेब म्हणत्यात, नवीन ड्रायव्हर—” त्यांनी मागं वळून पाहिलं आणि थांबले. माझी बोटं खिशात हलत होती. “आज पण मौन?”

मी मान हलवली. या खेपेला नीट.

ते हसले. “मग आत्ताच विचारतो. आत्ता तुम्ही मला ‘छान करता’ म्हणून हसणार न्हाई.” ते पुढं तोंड करून बसले. आता फक्त आरशातले डोळे दिसत होते. “रविवारी… आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का?”

सगळं आगार श्वास धरून उभं राहिलं.

“आईला सांगितलंय तुमचं. मऊ बोलत्यात म्हणलं, सगळी गाडी गप करून ऐकती. आई म्हणली, मग तू का न्हाई बोलत अजून?” त्यांनी चाकावरून हात फिरवला. “नको वाटत आसंल तर एक घंटी द्या. मी समजंन. गाडी नीट दौंडला नेईन, कायबी बोलणार न्हाई. आन् व्हय आसंल तर… तुम्हाला ठाऊक हाय.”

मौन मोडावं असं जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण त्या नेमानंच तर आमची गाठ घातली होती. तो मी कसा मोडू?

मी हात वर केला. दोरी धरली. तळहात ओला, बर्फासारखा गार, थेट पहिल्या दिवसासारखा.

टिंग.

आणि दोरी निसटली.

आरशातले डोळे मिटले. “बरं,” ते इतकंच म्हणाले, अगदी हळू. पण गाडी काढली नाही. किल्लीला हातही लावला नाही. एक घंटी म्हणजे थांबा… ते थांबले होते.

देवा, माझे हात! मी माळ खिशातून काढून मनगटात अडकवली. दोन्ही हातांनी दोरी धरली, आणि सारा जीव लावून ओढली.

टिंग!

धुक्यातून बापूसाहेबांचा आवाज आला, “अरे ज्ञानेश, गाडी काढ की! घंटी झाली न्हवं?”

“झाली, बापूसाहेब.” त्यांचा आवाज मऊ झाला होता, माझ्याहूनही मऊ. “दोन झाल्या.”

आणि आरशात मी पाहिलं… त्यांचे खांदे हळूच खाली आले. पूल संपल्यावर येतात, तसे.