सहा तारांची टोकं

हसू नका, पोरांनो. ज्याच्यावर ही वेळ आली, तो माझ्या दुकानाच्या शेजारीच वाद्यं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. खोटं बोलायलाही थोडी हौस लागते; त्या माणसात ती कधीच नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. संध्याकाळी सातला एक बाई आणि तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी गिटार घेऊन आल्या. तारा पार गंजलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलगी शाळेत वाजवणार होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"सकाळी आठला घेऊन जा," मिस्त्री म्हणाला. एका बँडची आठ वाद्यं हातावर होती, तीन रात्री पाठ टेकली नव्हती.

मुलगी दारातच घुटमळली. "काका, टोकं वळवाल ना? बाबा प्रत्येक तारेच्या टोकाची बारीक कडी करायचे. नाहीतर खुंटी पिळताना टोचतं."

"मागे एकाने नुसती कापून दिली," आई म्हणाली. "टोक बोटात घुसलं हिच्या. तेव्हापासून गिटारीला हात लावेना. म्हणायची, आता बाबाच बसवतील. आणि मग हेच..." ती थांबली.

"वळवतो गं," मिस्त्री मुलीला म्हणाला.

"सहाही?"

"सहाही. लिहून देऊ का बाईसाहेब?"

मुलगी जराशी हसली.

तिची गिटार हातात यायला रात्रीचे साडेअकरा झाले. जुनी तार काढायची, नवी ओवायची, खुंटी पिळायची, सूर लावायचा. नवी तार म्हणजे लाडावलेलं पोर. कितीदा ताळ्यावर आणा, पुन्हा सैल. पाऊण वाजता सहा तारा एकदाच्या लागल्या. खुंट्यांपाशी उरलेली शेपटं लोंबत होती. तीस वर्षांच्या सवयीने हात पक्कडीकडे गेला. कट्, कट्, कट्. सहाही. अगदी खुंटीलगत.

मग त्याला आठवलं.

कडी करायला आता तांदळाच्या दाण्याएवढीही तार उरली नव्हती. दुकानात दुसरा संच नव्हता, बाजार उघडणार दहाला. निदान कानशीने टोकं तरी घासावीत, तर डोळ्यांना एकाच्या दोन खुंट्या दिसत होत्या. लेकराला शब्द दिला होता...

"पाचला उठून घासतो," तो स्वतःशीच पुटपुटला. सहा तुकडे पत्र्याच्या डबीत टाकले, झाकण दाबून डबी खिशात ठेवली, दाराला आतून कडी घातली आणि दिवा मालवून बाकावर आडवा झाला. गिटार समोरच्या टेबलावर.

दोन वाजून दहा मिनिटांनी तार वाजली.

एकच. जाड तार.

नवी आहे, उतरली असेल, असं त्याला वाटलं.

मग खुंटी फिरली. किर्र...

तार पुन्हा वाजली. आता सुरात.

तो उठला नाही. उठवेचना. भीती होती, पण थकवा तिच्याहून जड होता, असं तो मला म्हणाला.

दुसरी तार. किर्र... कुणीतरी नाकातल्या नाकात सूर धरला होता. पुरुषाचा आवाज...

विचार, विचार, पाय उलटे होते का ते. पाय बघायला डोळे उघडावे लागतात, बाळा. त्याने नाही उघडले.

तिसरी...

चौथी...

सहावीनंतर काहीच नाही. बराच वेळ.

मग बाकाजवळ. अगदी जवळ. कुणीतरी श्वास सोडला. दिवसभर राबून आलेला माणूस सोडतो ना, तसा...

"दमलात... झोपा तुम्ही."

आणि मिस्त्री झोपला.

जाग आली ती दारावरच्या थापांनी. आठ वाजले होते. कानस होती तिथेच. त्याने आतली कडी काढली. तो माफी मागणार, तोच मुलगी टेबलाशी पोचली आणि तिने खुंट्यांवरून बोट फिरवलं. मिस्त्रीने डोळे घट्ट मिटले.

"आई, बघ ना! अगदी बाबांसारख्या."

सहा खुंट्या. सहा कड्या. बारीक, गोल, कुठेही न टोचणाऱ्या.

आई कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

त्या गेल्यावर मिस्त्रीने खिशातून डबी काढली. झाकण तसंच घट्ट होतं. पक्कड लावून उघडावं लागलं.

ती डबी त्याने मला दिली. ही घ्या, दिव्याजवळ नेऊन मोजा. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, पोरांनो... आणि तुकडे सहाच्या सहा आत आहेत.