पप्पांच्या पायाखाली मुरणारं पाणी

अरे ऐका ना, मध्ये बोलू नका! आधी एक कोडं. जमिनीखाली पाण्याचा पाइप आहे, कुठंतरी फुटलाय. वरनं सगळं कोरडं. खणायचं नाही. सांगा, कुठं फुटलाय?

नाही ना येत सांगता? मलाही नव्हतं येत. आणि त्या दिवशी माझे पप्पा जवळजवळ जमिनीतच गेले होते. खरंच!

आमच्या तांबडमाळला पाणीसभा होती. शाळेच्या मैदानावर मांडव, वर वीज बनवणारं सोलर कापड, खाली अख्खं गाव. स्टेजवर माझे आबा, म्हणजे आईचे बाबा. ते पाणीखात्याचे शास्त्रज्ञ. शेजारी टिटवी. पक्षी नाही रे, रोबो! सहा पाय आणि पोटात कान.

आबा म्हणाले, "पाणीपट्टी (पाण्यासाठी प्रत्येक घरानं द्यायचे पैसे) वाढवावी लागेल. पाइप सडलेत, बदलायला हवेत. टाकीतनं निघालेलं निम्मं पाणी घरी पोचतच नाही."

झालं! सगळे खवळले. आणि सगळ्यात जोरात कोण? माझे पप्पा! त्यांची लाँड्री आहे ना, पाणी लागतं ढीगभर. पहिल्या रांगेतनं उठून ओरडले, "आबा, सासरे असाल तुम्ही घरी! पाणी पोचत नाही आणि वर पट्टी वाढवता? कुठंतरी पाणी मुरतंय!"

मी खुर्चीत खाली खाली सरकले.

पप्पांना म्हणायचं होतं, यात काहीतरी लबाडी आहे. पण टिटवीला काय कळतंय! तिनं मान वर केली. "कुठं मुरतंय? शोधू?"

अख्खा मांडव हसला. पप्पा लालबुंद. "शोध की! आधी तुझ्या मालकाच्या खिशात बघ!"

"खिशात ओल नाही," टिटवी म्हणाली.

आबा मात्र हसले नाहीत. "शोधू दे तिला. सगळे थोडा वेळ गप्प बसा, मग हवं तेवढं ओरडा. केतकी, हा टिटवीचा दुसरा कान. गेटजवळच्या व्हॉल्व्हला (पाणी चालू-बंद करायच्या चावीला) चिकटव. पळ!"

मी पळाले. टिटवी टाकीजवळच्या व्हॉल्व्हला जाऊन चिकटली. पाइप या दोन्हींच्या मधनं, मैदानाखालून जातो.

आता नीट ऐका हं. फुटक्या जागेतनं पाणी जोरात बाहेर पडतं, तेव्हा सूंऽऽ आवाज होतो. तो पाइपातनं दोन्हीकडं पळतो. समजा, दोन पोरं मैदानात पाठीला पाठ लावून उभी राहिली, एकदम सुटली आणि सारखीच पळाली. बरोब्बर मधनं सुटली तर दोन्ही टोकांना एकदमच पोचणार. पण एका टोकाजवळनं सुटली तर तिकडचा आधी पोचणार. किती आधी ते मोजलं, की कुठनं सुटली ते कळलं! आवाजाचंही तसंच.

"पण आवाज तर सारखा चालूच असतो!" हो, मीपण आबांना हेच म्हटलेलं. तर तो सूं एकसारखा नसतो. मध्येच खरखरतो, मध्येच फुरफुरतो. टिटवी दोन्ही कानांतली तीच खरखर शोधून जुळवते.

सगळे गप्प. वरचं कापड तेवढं फडफडत होतं. मग टिटवी टुकटुक करत मांडवात शिरली. लोक पाय वर घेतायत, ती पुढं येतेय, पुढं येतेय... आणि थांबली ती पप्पांच्या चपलेपाशी!

"इथं मुरतंय."

"नाटक आहे हे!" पप्पा म्हणाले. "मी हलणार नाही."

"हलू नका, दिगूशेठ!" मागनं कोणीतरी ओरडलं.

आबा स्टेजवरनं धावत खाली आले. "दिगंबर, खालची माती वाहून गेली असेल. बाजूला हो!"

"आधी पट्टी मागं घ्या!"

मला रडूच यायला लागलं. मी धावत गेले, टिटवीच्या पाठीवरची, जमिनीखालचा आवाज ऐकायची सळई ओढली आणि जमिनीला टेकवली. "पप्पा, माझ्यासाठी. नुसता कान लावा."

पप्पा वाकले. सळईला कान लावला. आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हा तर... आपल्या बॉयलरची नळी गळते ना, तसलाच आवाज!"

मग ते असे ओरडले म्हणता! "उठा! मागं व्हा! पोरांना आधी काढा!" मला काखोटीला मारलं आणि पळाले.

मागनं धप्प! वळून बघते तर पहिली रांगच नाही. खड्डा, त्यात पप्पांची खुर्ची, आणि गढूळ पाणी नुसतं उसळतंय.

कोणाला काही लागलं नाही. पप्पांनी उसळून आलेल्या चिखलात हात घालून बघितला. मग ते हळू म्हणाले, "आबा, कधीपासनं मुरत होतं हो हे?"

"काय माहीत! पाइप माझ्या लहानपणीचा. पाऊस फुकट पडतो रे, पण पाणी घरापर्यंत आणणारा पाइप फुकट येत नाही."

पप्पांनी चिखलानं भरलेला हात वर केला. "वाढवा पट्टी. पण ज्यांच्याकडं एकच नळ आहे त्यांची नको, आमच्यासारख्यांची वाढवा. आणि गळती किती कमी झाली ते चौकात बोर्डावर लागलं पाहिजे. नाही लागलं तर मी परत ओरडणार!"

"ओरड," आबा म्हणाले. "त्याशिवाय टिटवी शोधणार कशी?"

काल मैदानाखाली नवा पाइप बसला. त्याला जागोजागी कान आहेत, बारीकशी चीर पडली तरी लगेच सांगणारे! आता वरच्या आळीचा नंबर, मग अख्खं गाव.

मी आणि पप्पांनी सळई टेकवली. सूं नाही. खरखर नाही. काहीच नाही.

"चल," मी म्हटलं.

"थांब गं," पप्पा म्हणाले. आणि डोळे मिटून ते काहीच-नाही कितीतरी वेळ ऐकत बसले.