डब्यावरचं नाव

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथे नव्हते, हे कबूल. पण म्हणून दर दोन वाक्यांनी ‘खरंच का गं?’ विचारायचं नाही. गुमान ऐकायचं.

तर नायमेखन नावाचं गाव. नेदरलँड्समधलं, युनिव्हर्सिटीचं. दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी. बर्फ असा पडलेला, की आपली सायकल नुसत्या हँडलवरून ओळखायची. त्यात करोना ऐन भरात. हॉटेलं बंद, वर्ग बंद, घरी दिवसाला पाहुणा एकच… तोही शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत यायचा. उघडं काय, तर वाणसामान आणि बेकऱ्या.

त्यातली एक लाऊबाईंची. चिनी बाई, उंचीने काउंटरएवढी, आवाजाने अख्ख्या गल्लीएवढी. तिच्याकडे अननसाचा बन मिळायचा. त्यात अननस औषधालाही नाही हं! वरचं साखरेचं कवच अननसासारखं तडकलेलं, म्हणून ते नाव. लाल घेवड्याच्या गोड पुरणाचे बन मिळायचे. आणि चहा! बाकी गाव गरम पाण्यात पिशवी बुडवायचं आणि त्याला चहा म्हणायचं. लाऊबाईंचा मात्र दाट, कडक, दुधाचा.

पण जहाजं अडकली आणि लाऊबाईंची बन भरून द्यायची कागदी खोकी संपली. तिने खिडकीवर पाटी लावली… घरून डबा आणा. डबा खिडकीत द्यायचा, बाहेर फुटपाथवर दीड-दीड मीटरवर गोल चिकटवलेत त्यावर उभं राहायचं, डबा भरला की खिडकीखालच्या बाकावरून उचलायचा.

नीलांबरी तिथे पीएचडी करत होती. एका शनिवारी तिने आईचा स्टीलचा डबा आणला. येताना आईने जबरदस्तीने बॅगेत कोंबलेला. तिने डबा उचलला, उघडून बघते तर आत पुरणाचे बन नाहीतच. अंड्याचे पिवळेधमक टार्ट!

“वहिनी… तुमचा डबा बहुतेक माझ्याकडे आलाय.”

मराठी! तीन महिन्यांत फोनबाहेर मराठी ऐकली नव्हती तिने. गर्रकन वळली. मास्क, वाफेने पांढरा झालेला चष्मा, आणि हातात हुबेहूब तसाच स्टीलचा डबा. चेहरा म्हणून दिसत होत्या त्या फक्त भुवया. पण आवाज! गरम बनवर लोणी ठेवल्यावर ते कसं सावकाश विरघळतं, तसा.

“तुम्हाला कसं कळलं मी मराठी?”

“डब्यावर नाव घातलंय की. सौ. मालिनी शशिकांत पेंढारकर.” तो चष्मा पुसत म्हणाला. डोळे दिसले. नसते दिसले तर बरं झालं असतं. “मालिनीवहिनी, बरोबर ना?”

नाही, ते माझ्या आईचं नाव… असं ती म्हणणार, तेवढ्यात तिने हातातल्या डब्याचं झाकण वाचलं. ‘आशुतोष – प्रांजली. शुभविवाह.’

झालं! म्हणजे याचं लग्न झालेलं.

नीलांबरी निश्चयाची पक्की. पोहायला शिकायचं ठरवलं, तर नाकातोंडात पाणी जाऊनही आठ दिवसांत शिकलेली. तिने तिथल्या तिथे ठरवलं. वहिनी तर वहिनी! वहिनीच्या नात्याने बोललं की पाय घसरायची भीती नाही.

“हो,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आशुतोष.”

त्याने तिच्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं. “…हो.”

दुसऱ्या शनिवारी तो तिच्या मागच्या गोलावर होता. तिसऱ्या शनिवारी पुढच्या. चहाचे कप हातात घेऊन दोघं भिंतीशी उभी राहायची, मध्ये दीड मीटर वारा.

“हा आठवडा जरा लांबलाच, नाही?” तो म्हणायचा.

“आठवडे सातच दिवसांचे असतात.”

“तुमच्या बाजूला असतील.”

की ही घाईघाईने चहाचा घोट घ्यायची आणि जीभ भाजून घ्यायची.

“शशिकांतराव कसे आहेत?” तो अगदी इमानाने चौकशी करायचा.

आता शशिकांत म्हणजे तिचे बाबा. खोटं बोलायचा तिला कंटाळा, म्हणून ती बाबांचंच खरं खरं सांगायची. “बीपी वाढलंय. जेवले की घोरतात. आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात.”

“इतक्यात बीपी?”

“लोणचं सुटत नाही ना. प्रांजली काय म्हणते?”

“मजेत आहे. पुण्याला.”

“विमानं बंद. तिचे हाल होत असतील तुमच्याविना.”

“माझ्याविना?… हं. विमानं बंद,” तो म्हणायचा आणि कपात बघत राहायचा.

घरी जाताना नीलांबरी स्वतःला बजावायची… पुढच्या शनिवारी दहाच मिनिटं. आणि पुढच्या शनिवारी बारा माणसांची रांग बघून हिला आनंद व्हायचा! आता काय म्हणायचं या पोरीला?

चौथ्या शनिवारी त्याने बन अर्धाच खाल्ला.

“वहिनी, पुढचा शनिवार माझा शेवटचा. ब्रेडा शहरात नोकरी लागलीय. रविवारी सामान हलवतोय.”

“अरे वा,” ती म्हणाली. इतकं रडवेलं ‘अरे वा’ जगात कोणी म्हटलं नसेल.

तो आठवडा तिला अन्न गोड लागलं नाही. पण गुरुवारी संध्याकाळी भांडी घासताना तिने नळ बंद केला आणि ओले हात कमरेवर ठेवून उभी राहिली. तो दुसरीचा आहे, असू दे. त्याच्या संसारात मी पाऊल टाकणार नाही. पण तो ब्रेडाला जाऊन मालिनीवहिनीला विसरणार… हे काय आहे? विसरायचंच असेल तर नीलांबरीला विसर! माझ्या नावाने विसर!

शनिवारी सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

आणि शनिवारी वारा सुटला. वारा म्हणजे कसला, वाल नदीच्या पुलावर एक बदक पुढे उडू बघत होतं आणि मागे मागे जात होतं. लाऊबाईंची खिडकी बाराला बंद. साडेअकराला पुलाच्या ऐन मध्यावर नीलांबरीच्या सायकलची चेन पडली. बसवली, परत पडली. मग तिने सायकल हाताने ढकलली. टोपी नदीला दिली, हातमोजे ग्रीसने काळे करून घेतले… पण मागे वळली नाही.

गल्लीत शिरली तेव्हा बाराला पाच कमी. खिडकीपुढच्या पहिल्याच गोलावर तो उभा, आणि लाऊबाई चिमटा आपटत त्याला झापत होती. “नऊ माणसं पुढे सोडलीस! तुला बन पाहिजे की उभं राहायला जागा पाहिजे?”

“वाट बघत होतो,” तो नीलांबरीला म्हणाला.

“थांबा. आधी मी बोलते.” तिला दम लागला होता. “मी मालिनी नाही.”

“म्हणजे?”

“मालिनी माझी आई. डबा तिचा. शशिकांत माझे बाबा. मी नीलांबरी. माझं लग्नबिग्न झालेलं नाही.”

त्याच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. “मग ते बीपी?”

“बाबांचं.”

“घोरणं?”

“बाबांचंच!”

तो खाली बाकावर बसला आणि हसायला लागला. मास्क आतबाहेर, आतबाहेर. “चार आठवडे… चार आठवडे मी तुमच्या बाबांवर जळतोय!”

नीलांबरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “हसताय काय? शोभतं का हे? तिकडे प्रांजली बिचारी…”

“प्रांजली माझी मावसबहीण.” त्याचं हसू थांबलं. “आशुतोष तिचा नवरा. तिच्या लग्नात दोनशे जणांना डबे वाटले, त्यातला हा एक. मी अद्वय.”

वाऱ्याने एक रिकामा कप दोघांमधून गडगडत गेला.

“मग सांगितलं का नाही?” तिने हळूच विचारलं.

“पहिल्या दिवशी तोंडातून नुसतं ‘हो’ निघून गेलं. मग सांगणार होतो. पण तुम्ही सौ. होतात. दुसऱ्याच्या बायकोसाठी सोमवारपासून शनिवारची वाट बघायची… लाज वाटत होती मला. म्हटलं, ही लाज आशुतोषच्या नावावर जाऊ दे.”

“लबाड!”

“तुम्ही कमी?”

ती हसली. मग तिने ते काळे झालेले हातमोजे काढून खिशात घातले, जशी काही परीक्षेला बसतेय. “अद्वय, आता नाव दुरुस्त करून सांगते. मला तुम्ही आवडता. उद्या ब्रेडाला जा नाहीतर कुठेही जा. ब्रेडा काय, सव्वा तासाची गाडी. मी येणार.”

“घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो. नियम आहे.”

“मग शनिवारचा पाहुणा ठरला. दुसऱ्या कोणाला बोलावलंत तर बघा!”

“बोलावू कोणाला? चार आठवडे माझ्या डोक्यात एकच माणूस आहे. तिचं नाव तेवढं चुकीचं होतं.” मग अगदी हळू म्हणाला, “नीलांबरी…” पहिल्यांदाच. तिने ते डोळे मिटून ऐकलं.

लाऊबाईने घड्याळाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही डबे न विचारताच भरले. आणि ती दोघं नियमाप्रमाणे आपापल्या गोलावर उभी राहून, दीड मीटरवरून नुसती एकमेकांकडे बघत राहिली.

बरं बाई, असं बघू नका माझ्याकडे. एवढं एकच मी पदरचं घातलंय. दीड मीटरबीटर काही नव्हतं हो.