हारावरचा चुना

क्लेमान्सच्या पत्राला वाल्सें मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. 'लोक म्हणतात, माझा नवरा मतपेटी विकून पळाला. तुम्ही एवढं वाचता, खरं काय ते शोधा. मुलं विचारतात.'

उत्तर द्यायचं तर चौकशी करायला हवी, आणि लुइझियानात सध्या चौकशी करणारी माणसं खाडीत सापडत. यादवी युद्ध संपलं होतं; पण निवडणुकीतून दोन पक्षांचे दोन गव्हर्नर निघाले होते, दोघेही स्वतःलाच खरा म्हणवत. आमदारकीला उभा राहिलेला क्लेमान्सचा नवरा तेओफिल, मास्तरांचा जुना विद्यार्थी, मतदानाच्या संध्याकाळी पेटीसकट नाहीसा झाला होता.

डिसेंबरात मास्तर त्याच्या आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले, आणि थेट सैन्याच्या कॅप्टनला घेऊन तिथे परतले. मतदान अधिकारी व्हिटकमही आला. तो युद्धानंतर उत्तरेतल्या व्हरमाँटहून आलेला, तेओफिलच्याच पक्षाचा. फाटकाबाहेर विरोधी पक्षाचे बंदूकवाले घोडेस्वार थांबले होते.

जमिनीवर विटांनी बांधून चुना फासलेल्या थडग्यावर शेवंतीचा वाळका हार होता. त्यावर पांढरे थेंब. मास्तरांची नजर तिथे खिळलेली व्हिटकमनं पाहिली.

"साहेब, हा चुना कधीचा असेल?" मास्तरांनी त्याला विचारलं.

"सर्वसंतांच्या दिवसाचा, एक नोव्हेंबरचा. तेव्हाच थडगी सजवता ना तुम्ही. मतदानाआधी तेओफिलनंच फासला."

"तुम्ही पाहिलंत?"

"समोर उभा होतो की! हार घातला, मग कुंचला घेतला. झालं समाधान, मास्तर? का अजून एखादं पुस्तक चाळून येताय?"

 मास्तर कॅप्टनकडे वळले.

"आमच्याकडे आधी चुना, मग हार. चुना वाळल्याशिवाय फूल ठेवत नाहीत. इथे थेंब हारावर आहेत. म्हणजे नंतर कुणीतरी पुन्हा चुना फासला, नव्यानं लावलेल्या विटा झाकायला. आमच्यातल्या माणसानं हार आधी उचलला असता."

"मूर्खपणा!" व्हिटकम ओरडला.

"थेंबांबद्दल मी विचारलंच नव्हतं, साहेब. तुम्हीच कारण रचलंत, आणि उलटं रचलंत. तेओफिलची मतं बुडाली, आणि गेल्या आठवड्यात विरोधी पक्षाच्या गव्हर्नरनं तुम्हाला जज्ज नेमलं."

व्हिटकमचा हात कोटात शिरला. शिपायांनी तो तिथेच धरला.

विटा फोडल्या. आत तेओफिल होता. त्यानं मतपेटी छातीशी घट्ट धरली होती. कुलूप शाबूत होतं.

घोडेस्वार मास्तरांच्या मागोमाग टपाल कचेरीपर्यंत आले. मास्तरांनी मागे पाहिलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

'क्लेमान्स, मुलांना सांग. तो पळाला नाही. आईजवळ होता.'