अजून निवली नाही

बसा असे दिव्याजवळ. अंगणातल्या गाडीत इंजिन का नाही, असं विचारलंत म्हणून सांगतो. फक्त हळू बोला, वहिनी आत आहेत.

येळवस तुम्हाला माहीत असेल, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमचं अख्खं बेंबळी रानात जेवतं, गावात चिटपाखरू राहत नाही. आम्ही कडब्याच्या खोपीत पूजा मांडली, तर आंबिलाचं मडकं घरीच राहिलेलं. सत्यभामा वहिनींनी त्याचं तोंड पिवळ्या फडक्यानं बांधून ठेवलं होतं. महारुद्र, म्हणजे माझा थोरला भाऊ, ते आणायला निघाला.

"आलोच," वहिनींना म्हणाला, आणि आपली धुडासारखी डिझेल गाडी घेऊन गेला.

बऱ्याच वेळानं मी बघायला गेलो. गाडी बांधाच्या वळणावर उभी, किल्ली आतच. दादा नव्हता, मडकंही नव्हतं. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. म्हणजे आत्ताच उतरला होता. मी हसलोच. येळवसेला वाटेनं जाणाऱ्याला कुणी न जेवता सोडत नाही. नेला असेल कुणीतरी ओढून! त्या दिवशी आमच्याकडे कुणी कुणाला शोधत नसतं, आम्हीही नाही शोधलं.

दिवस मावळताना रिवाजाप्रमाणे लोक पेटते पलिते पिकाभोवती फिरवू लागले, तरी दादा आला नाही. मग खोपी-खोपीतून पळालो. कुणीच त्याला पाहिलं नव्हतं. घरी जाऊन बघितलं, तर मडकं तिथूनही गेलेलं.

परत गाडीपाशी आलो. आता बघा, मोठं इंजिन म्हणजे लोखंडाचा ढीग. बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, त्यामुळं घटकाभर उलट जास्तच तापतं आणि मग टिक… टिक… करत सावकाश निवतं. पण दुपारची गाडी, वर थंडीचे दिवस. एव्हाना गार पडायला हवी होती. मी हात लावला आणि झटकन काढून घेतला. आत टिक… टिक… चालूच होतं.

वहिनींनीही हात लावला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी लांब न्हाईत गेले."

पोलीस आले, विहिरी उपसल्या. काही सापडलं नाही. इंजिन सुरू न करताच गाडी बैल लावून अंगणात आणली. दुसऱ्या दिवशी गरम. बॅटरी काढली, तरी गरम. जवळ गेलं की डिझेलचा नाही, लसूण घातलेल्या आंबट आंबिलाचा वास यायचा.

वहिनी तिथंच बसू लागल्या, तळवा बॉनेटवर टेकवून. जेवण सुटलं. तळव्याची सालटं निघाली. "निवली न्हाई, भावजी… येतील," एवढंच बोलायच्या. दादा तर गेलाच होता, आता वहिनीही डोळ्यांदेखत जाणार, आणि मला काही करता येत नव्हतं.

शिमगा झाल्यावर मी उमरग्याहून शरणबसप्पा मिस्त्रीला बोलावलं. वहिनी शिवरात्रीपासून अंथरुणालाच होत्या, फक्त तिन्हीसांजेला उठून गाडीपाशी यायच्या. मिस्त्रीनं उघडा हात इंजिनावर ठेवला.

"थंडगार हाय की वो, साहेब!"

मला तर जवळ उभं राहवत नव्हतं. लांबूनच म्हटलं, "काढून न्या." त्यानं साखळीनं इंजिन वर उचललं, टेम्पोत घातलं आणि नेलं.

तिन्हीसांजेला वहिनी बाहेर आल्या. तळवा टेकवला. कितीतरी वेळ टेकवून ठेवला.

"भावजी… निवली."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. म्हटलं, "वैनी, दोन घास खा आता."

"लांब गेले की आता," त्या म्हणाल्या. "लई लांब…"

आणि आत गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. शरणबसप्पा होता. आवाज दबका.

"साहेब… इंजिन टेम्पोतनं उतरवता येईना. लई तापलंय, हात भाजालाय. टिक टिक कराय लागलंय."

मी फोन कानाशी धरून अंगणातल्या गाडीकडे बघितलं.

"आन् शेजारी एक मडकं हाय बगा. म्या न्हाई ठिवलं. तुमचंच का? तोंडाला पिवळं फडकं बांधलंय… आतलं आंबील अजून ताजं हाय वो."

वहिनींना हाक मारायला मी वळलो. आत उंबऱ्यावर त्या एकेक करून बांगड्या फोडत होत्या.