योहानाबाईंची बशी

जवळ सरका. ही नेदरलँड्समधल्या आयंडहोवनच्या विवेकची गोष्ट, मी त्याच्याच तोंडून ऐकलेली.

करोनाचा काळ. शेजारच्या योहानाबाई एकट्या, म्हणून विवेक त्यांचं वाणसामान आणून दाराशी ठेवायचा. एक दिवस सामान ठेवायला गेला, तर बाईंना धाप लागलेली, ॲम्ब्युलन्स दारात. जाताजाता त्यांनी एक मोठी बशी त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "माझ्या नातीला दे. तिलाच."

बशी चिनी मातीची. मधोमध दोन बगळे, वर मुकुट. बाईंच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी घराण्याचं चिन्ह कागदावर काढून जहाजानं चीनला धाडलं होतं. तिथल्या कारागिरांनी ते बशीवर रंगवून पाठवलं. आपण भांड्यांवर नावं घालतो ना, तसंच.

बाई हॉस्पिटलातच वारल्या. २०२१च्या रथसप्तमीला दुपारी नात दाराशी आली. "आजीनं काही ठेवायला दिलंय का?"

"नाही," विवेक म्हणाला. बशीवर जीव जडला होता त्याचा.

"देऊन टाक रे," त्याची बायको विशाखा म्हणाली. "आई तिकडे पुण्यात ऑक्सिजनवर आहेत. असल्या वेळी कुणाचा तळतळाट कशाला घेतोस?"

आईच्या काळजीनं विवेक फोन हातातून सोडत नव्हता. पण बशीपुढे गडी ऐकेना. उलट रात्री त्यानं कोरायचं यंत्र काढलं आणि बशीच्या पाठीवर स्वतःचं नाव घातलं. नवं भांडं घरात आलं की नाव घालायचं, खोडच आहे आपल्याला.

विशाखा झोपली. नऊनंतर संचारबंदी, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बेल वाजली.

त्यानं दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा.

वळला, तर टेबलावर बशी नाही. स्वयंपाकघरात नळ सुरू होता. सिंकपाशी कुणी दिसत नव्हतं. घासण्याचा आवाज मात्र येत होता... खरखर... खरखर...

मग धाप ऐकू आली. ओळखीची.

"ही कुणाची?" डचमध्ये. अगदी शांत आवाज.

अजूनही 'तुमचीच' म्हणता आलं असतं. पण माणूस घाबरला की हट्टाला पेटतो.

"माझी."

...

"बरं."

रॅकमधलं स्टीलचं एक ताट कुणीतरी ओढून घेतलं. पुन्हा खरखर... किती तरी वेळ... विवेकला जागचं हलवेना.

नळ बंद झाला.

पहाटे पुण्याहून फोन आला. आई गेली होती.

बशी त्यानं त्याच सकाळी नातीला नेऊन दिली, ढसाढसा रडत. काय उपयोग?

ते स्टीलचं ताट आईनं त्याला संसारासाठी दिलेलं, तिच्या लग्नातलं. काठावर ठसठशीत तिचं नाव, 'मालिनी', कोरलेलं होतं. मी स्वतः त्या काठावरून बोट फिरवलंय. गुळगुळीत आहे. तिथे कधी काही कोरलं होतं, याची खूणसुद्धा नाही.